वजनावरून

सकाळी दार उघडायच्या आधीच
पायरीवर तिघं बसलेली असतात,
आणि तिघांपैकी एकालाही पुस्तक नको असतं.

पियेदाद मावशीला बापाच्या पोर्तुगीज कागदात
नारळाची झाडं कुठल्या ओळीत आहेत तेवढं हवंय.
बसूला वायफायचा पासवर्ड.
हर्षदाला कोपऱ्यातलं टेबल,
कारण घरी टीव्ही चालू असतो आणि वनरक्षकाची परीक्षा जवळ आलीय.

मी ग्रंथपाल. नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलंय.
वर्गीकरण शिकले होते दोन वर्षं,
दशांशचिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत.
आता सकाळभर एक-चौदाचे उतारे काढते,
पेन्शनीच्या फॉर्मात लोकांच्या आयांची नावं भरते,
आणि ओटीपी आला का विचारते,
इतक्या वेळा, की परवा
नवऱ्याला जेवायला हाक मारताना तेच तोंडात आलं.

कुष्टा मळीक दुपारी यायचा.
खाण बंद पडल्यापासून ट्रक अंगणात, चाकांवर वेल,
आणि तो आमच्या पंख्याखाली.
पेपर उघडायचा, पान उलटायचा नाही.
एकदा पेपरच उलटा होता. मी पाहिलं.
मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं.
दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी मी निरोप धाडला,
कपाटाचं बिजागर निखळलंय, येऊन जा.
(निखळलं नव्हतं. निरोप गेल्यावर
मीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निखळवलं.)

मग जुलैत वाळवंटीचं पाणी साखळीच्या बाजारात शिरलं.
रात्री साडेअकराला फोन: "बाये, चावी."
पोचले तेव्हा घोट्याएवढं होतं,
कुलूप निघेपर्यंत पोटरीला लागलं.
बसू आणि त्याचा बाप, सलवार खोचलेली हर्षदा,
जिन्यावर टॉर्च धरून पियेदाद मावशी,
देवाला कमी आणि आम्हाला जास्त ओरडत.
मध्ये कुष्टा. हातोहात.
खालची फळी, दुसरी, तिसरी.
सात-सात वर्षं ज्यांना कुणी शिवलं नव्हतं
त्या कादंबऱ्याही त्या रात्री पाच जणांच्या हातांतून गेल्या.

मार्चमध्ये वरून फॉर्म येतो:
वर्षभरात किती पुस्तकांची देवघेव झाली?
यंदा मी लिहिलं, चार हजार एकशे बारा, एका रात्रीत.
साहेबांचा फोन आला, बाई, आकडा चुकलाय.
म्हटलं, या, मोजून बघा.

पाणी उतरलं तेव्हा
क्रमांकाच्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या होत्या.
माझी दोन वर्षांची दशांशचिन्हं
तळव्यांना चिकटून निघत होती.
वरच्या खोलीत नुसते ढीग.
आणि नेमके तेव्हा न्हावेलीचे एक निवृत्त मास्तर आले,
कलमांचं पुस्तक हवंय म्हणाले, आंब्याच्या.
मी संगणकात शोधत राहिले.
संगणक म्हणाला, उपलब्ध.

कुष्टाने पेपर खाली ठेवला.
"तें न्हय? आंब्याचें चित्र. सव्वा किलो.
जनेलाकडे, सकयल्यान चवथें."

खालून चौथंच होतं.
दुसऱ्या दिवशी मी घरून स्वयंपाकाचा काटा आणला:
एक किलो, दोनशे चाळीस ग्रॅम.
कुष्टाने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
ट्रकच्या पाट्या किती दबल्या यावरून
धर्मकाट्याच्या आधी टन सांगणारा माणूस.

तेव्हापासून कुणी काही मागितलं
की मी आधी पंख्याखाली बघते.

काल बंद करायच्या वेळी
तो टेबलाशी येऊन उभा राहिला, चप्पल हातात घेऊन.
"बाये, ल्हानशें एक दी. घरा व्हरतां."
कशाला, ते मी विचारलं नाही.
लहान मुलांच्या फळीवरचं एक उचललं,
तळहातावर तोलून पाहिलं,
ऐंशी ग्रॅम असेल.
तारखेचा शिक्का खणात सर्वांत मागे सापडला,
शाई वाळलेली.
ग्लासातल्या पाण्याचे दोन थेंब टाकले,
दाबला,
चौदा दिवसांनंतरची तारीख
पुसटशी उठली.